यात विशेष काय? तालुका विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणारे सर्व सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी तुमच्यापैकी एक जण आमच्या शाळेच्या टेबलापाशी थांबले होते. टेबलावर फिरणारं काही नव्हतं, लुकलुकणारंही काही नव्हतं. पऱ्हाटीची उपटून वाळवलेली दोन झाडं, एक तक्ता आणि एक दोनशे पानी वही. मागे उभी असलेली सातवीतली मुलगी पाठ केल्यासारखं न बोलता सांगत होती. तिच्या वडिलांनी कपाशीवर कृषी केंद्रातून आणलेलं टॉनिक फवारलं. तिनं हट्ट करून त्यांना दोन तास बिनफवारणीचे सोडायला लावले. (तास म्हणजे पिकाची ओळ. शाळेतला तास नव्हे, तो कोणी सोडायला तयारच असतं.) मग दिवाळीपर्यंत दर रविवारी तिनं दोन्हीकडची ठरवलेली झाडं धरून पाते आणि बोंडं मोजली. शेवटी म्हणाली, "फरक दिसला नाही."

परीक्षक सर प्रेमानंच म्हणाले, "मग बाळा, यात विशेष काय?"

ती माझ्याकडे पाहायला लागली आणि मी जमिनीकडे. शेजारच्या टेबलावर मोटरीवर फिरणारी पवनचक्की होती, तिचा पहिला नंबर आला. पवनचक्की छान होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा मला सुचलं नाही. ते आता देते आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

पैनगंगेच्या काठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दोन्ही विषय एकाच बाईच्या गळ्यात असले की वह्या तपासताना मान मोडते, पण एक सोय होते. गणिताच्या तासाला विज्ञान चोरून नेता येतं. त्या मुलीचे ते दोन तास अशाच एका गणिताच्या तासातून निघाले होते, आणि त्या तासाला लागलं काय तर फळा, खडू आणि घडी घातलेली एक चिठ्ठी.

खेळ असा. मी फळ्यावर लिहिलं, 2, 4, 6. सांगितलं, हे तीन आकडे एका नियमात बसतात आणि तो नियम मी या चिठ्ठीवर लिहून डस्टरखाली ठेवला आहे. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, बसतात की नाही एवढंच मी सांगेन. खात्री पटली की नियम सांगा.

"आठ, दहा, बारा." हो. "वीस, बावीस, चोवीस." हो. "शंभर, एकशे दोन, एकशे चार." हो. मागच्या बाकावरचा एक जण उभाच राहिला. "मॅडम, मले समजलं! दोन-दोननं वाढते!" सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मी म्हटलं, चूक. "असं कसं? तीन डाव बरोबर आले ना!" मग कोणी समसंख्या म्हणालं, कोणी दोनाचा पाढा. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, पण तपासायची रीत एकच. जे मनात आहे त्यात बसणारेच आकडे सांगायचे आणि 'हो' ऐकून खूश व्हायचं.

पाच, दहा, पंधरा आलं. हो. आता गोंधळ. "हे काहून हो म्हनलं? हे त विषम हाय!" बराच वेळ कोणी बोलेना. मग दुसऱ्या बाकावरची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी हळूच म्हणाली, "सहा, चार, दोन." मी म्हटलं, नाही. वर्ग हसला. "चुकली, चुकली!" ती खाली बसली. त्या पाऊण तासात नवीन काही सांगणारं उत्तर होतं ते हेच, आणि ते मिळवणाऱ्या पोरीला वर्ग हसत होता. पोरांचा काय दोष? पहिलीपासून आम्हीच शिकवलं, की 'नाही' आलं म्हणजे हार.

पण त्या 'नाही'नं गाडी रुळावर आली. कोणी चार, चार, चार विचारलं. नाही. तीन, सात, पन्नास. हो. एकानं तर अर्धा, पाऊण, एक असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर वर्गात अशी शांतता पसरली की बाहेर खिचडीच्या पातेल्यात फिरणारा चमचा ऐकू येत होता. चिठ्ठीवर इतकंच होतं : पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा.

हा खेळ माझा नाही. 1960 साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हेच 2, 4, 6 विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवलं होतं. 29 जणांपैकी फक्त 6 जणांनी आधी चुकीचा नियम न सांगता थेट बरोबर नियम सांगितला. म्हणजे लंडनचे कॉलेजवाले आणि आमची पैनगंगेची पोट्टी, दोघं एकाच खड्ड्यात पडतात. आपला अंदाज खोटा ठरेल अशी जागा माणूस आपण होऊन शोधत नाही, ती त्याला शोधायला शिकवावी लागते. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष अशी उतरंड असते, ती पोरं पाठ करतात. पण प्रयोग नेमका कशाचा करायचा हे त्या उतरंडीत कुठे आहे? ज्याचं उत्तर 'हो' येणार हे आधीच ठाऊक आहे त्याचा, की ज्यात आपण तोंडघशी पडू शकतो त्याचा?

त्याच आठवड्यात ती 'चुकलेली' मुलगी घरी जाऊन वडिलांना म्हणाली, पूर्ण वावरावर टॉनिक मारलं आणि पीक चांगलं आलं, तर ते टॉनिकनं आलं की पाण्यानं, हे कळणार कसं? सहा-चार-दोन कुठे आहे? वडिलांना सहा-चार-दोन काही समजलं नाही, पण लेकीच्या हट्टापुढे दोन तास सुटले. फवारणी त्यांनी केली, तिनं फक्त मोजलं, हे मुद्दाम सांगते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यामुळे पोरांना पंपाजवळ जाऊ देत नाही.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत प्लॉट पाडतात तेव्हा एक तुकडा काही न करता ठेवतातच. तिथं त्याला 'नियंत्रण' म्हणतात. आमच्याकडे त्याला काही नावच नाही, कारण तो कोणी ठेवत नाही. ठेवणार तरी कसा? कर्ज काढून केलेल्या कपाशीचे दोन तास प्रयोगाला सोडणं म्हणजे गंमत नव्हे. आणि बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही हा नियमही आपल्याकडे वर्षानुवर्षं 'हो' म्हणत आलाच होता. आतल्या आत गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि 2017 च्याच हंगामात वरून टवटवीत दिसणारी बोंडं फोडली तर आत सडकी सरकी. कितीही वेळा आलेला 'हो' पुढच्या वेळची हमी देत नाही, हे आमच्या पोरांच्या बापांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता एक अडचण सांगते, ती मला दुसऱ्या वर्षी लक्षात आली. या खेळात शेवटी चिठ्ठी उघडते. निसर्गात डस्टरखाली चिठ्ठी नसते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम दोनशे वर्षं बरोबर येत राहिला, पण "हो, हाच" असं म्हणून कोणी चिठ्ठी उघडून दाखवली नाही. दाखवलीच तर बुधाच्या कक्षेनं उलटी बाजू दाखवली, ती त्या नियमात नेमकी बसेना. म्हणून हल्ली मी कधी कधी चिठ्ठी उघडतच नाही. तास संपला की ती खडूच्या डब्यात जाते. पोरं चिडतात, शाळा सुटेपर्यंत मागे लागतात, "दाखवा ना मॅडम, आता त शाळा बी सुटते." एकदा दोघांनी डबा उपसून चिठ्ठी शोधली. मी कोरीच ठेवली होती. त्या दिवशी जे बोलणं झालं ते मी वर्षभराच्या विज्ञानाच्या धड्यांवरून ओवाळून टाकीन. चिठ्ठी कोरी असेल तर आपला नियम बरोबर की चूक, हे ठरवणार कोण? एक जण म्हणाला, "मंग आपनच एकमेकायचं चुकवून पाहाचं, न्हाई चुकलं तवरिक धराचं."

त्यातूनच पाणाड्याची गोष्ट निघाली. आमच्याकडे बोअर मारायच्या आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. माझ्या सासऱ्यांनी असे तीन बोअर मारले. पहिले दोन कोरडे गेले, तिसऱ्याला पाणी लागलं. घरात आजही गोष्ट सांगितली जाते ती तिसऱ्याची. आठवीच्या पोरांनी ठरवलं, गावातल्या बोअरची नोंद करायची. वहीत चार रकाने. पाणाड्यानं 'आहे' म्हटलं आणि लागलं, 'आहे' म्हटलं आणि नाही लागलं, 'नाही' म्हटलं आणि लागलं, 'नाही' म्हटलं आणि नाही लागलं. पहिला रकाना लोकांनी हौसेनं भरून दिला. दुसरा भरताना आवाज खाली गेला. शेवटच्या दोन रकान्यांत पोरांना एकही नोंद मिळाली नाही.

का मिळेल? पाणाड्यानं 'इथं नाही' म्हटलेल्या जागी पैसे घालून खोदणार कोण! आपल्या भागात खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत, कुठं लागेल कुठं नाही. कदाचित नारळाशिवाय खोदलं असतं तरी तेवढंच लागलं असतं, कदाचित नसतं. पोरांनी वहीत निष्कर्ष लिहिला : "सांगता येत नाही, कारण सहा-चार-दोन कोणीच विचारलं नाही." मी त्यांना पाणाड्या खोटा आहे असं शिकवलं नाही. तसं सांगितलं असतं तर ती मान्य करून मोकळी झाली असती, बाई म्हणाल्या म्हणून. राज्यघटनेच्या 51-क कलमातलं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कर्तव्य आम्ही प्रतिज्ञेसारखं वाचून घेतो, त्यानंही तसंच होतं.

दुसरं कोडं अंगणात रांगोळीनं खेळतो. एक मोठं वर्तुळ काढायचं, कडेवर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका प्रत्येकाशी सरळ रेघेनं जोडायचा आणि आत किती तुकडे पडले ते मोजायचे. एक ठिपका, एकच तुकडा. दोन ठिपके, 2. तीनला 4, चारला 8, पाचला 16. "सहाला बत्तीस!" सगळ्यांना ठाऊकच असतं. मी म्हणते, मोजा. एका गटाचे 31 येतात, दुसऱ्या गटाचे 30, आणि बत्तीस कोणाचेच येत नाहीत. मग भांडण. तुमची रेघ जाड होती, तुम्ही एक तुकडा दोनदा मोजला, इथं पाय पडून पुसलं गेलं. परत मोजतात, परत तेच. ज्यांनी सहा ठिपके अगदी समान अंतरावर दिलेले असतात त्यांच्या तीन मोठ्या रेघा मधोमध एकाच बिंदूत मिळतात, तिथला इवलासा त्रिकोण नाहीसा होतो, म्हणून 30. एक ठिपका जरा सरकवला की तो त्रिकोण उघडतो आणि 31 होतात. 32 कधीच होत नाहीत.

हे पाहून एका मुलीचे वडील शाळेत आले. शिष्यवृत्तीच्या सराव संचातलं पान पुढे केलं : 1, 2, 4, 8, 16, पुढील पद कोणते? "मॅडम, थे एकतीसचं ठीक हाय, पन पेपरात एकतीस लिहिलं त मार्क भेटन का?" भेटणार नाही, मी सांगितलं. पेपरात बत्तीसच लिहायचं. ते समाधानानं गेले, मी मात्र दिवसभर त्या पानाकडे पाहत बसले. आकड्यांची कोडी आपण पोरांना भरपूर देतो, पण ती सगळी अशी, की पाच पदं पाहून सहाव्याची खात्री बाळगणाऱ्यालाच मार्क.

कापरेकरांचं 6174 तुम्हाला ठाऊकच असेल. डहाणूत जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय कापरेकर, आपल्याच पंथातले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठा अशी मांडून वजा करा, उत्तराचं परत तेच करा, फार तर सात पायऱ्यांत 6174 येतं आणि तिथंच राहतं. माझ्या वर्गात एकाचं 0 आलं. त्यानं 2111 घेतलं होतं. 2111 वजा 1112, उरले 999. आता 999 उलट केलं तरी 999, वजाबाकी शून्य, खेळ खलास. त्याच्या शेजारणीनं तीच संख्या घेऊन 0999 लिहिलं. 9990 वजा 0999 म्हणजे 8991, मग 8082, मग 8532 आणि मग 6174. पुढचं शून्य धरायचं की टाकायचं यावर वर्गाचे दोन पक्ष पडले. कोणाचीच वजाबाकी चुकलेली नव्हती, रीत आधी ठरवून घेतली नव्हती एवढंच. प्रयोगाच्या वहीत 'कृती' इतकी बारकाईनं का लिहायची हे मी चार वर्षं सांगत होते, त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

आणि फेब्रुवारीत चार सोमवार, चार मंगळवार, चार बुधवार असा योग 823 वर्षांतून एकदाच येतो, असा निरोप शिक्षकांच्याच एका ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांसकट आला, तेव्हा सहावीच्या पोरांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून तो दोन मिनिटांत निकालात काढला. 28 ला 7 नं भागा. ग्रुपवर उत्तर टाकायचं धैर्य मात्र मला झालं नाही.

आता मागणं. हे उपक्रम म्हणून सुरू करा असं मी म्हणत नाही. तसं झालं तर परिपत्रक निघेल, फलक रंगेल, फोटो काढून लिंकवर टाकावे लागतील आणि पोरं 'नियम : चढता क्रम' असं पाठ करून येतील. शनिवारी खेळ-उपक्रमांसाठीचा 'आनंददायी शनिवार' आहे, ज्याला खेळायचं तो शिक्षक त्यात खेळेल. अभ्यासक्रम मागे पडतो हेही खरं आहे, माझा पडला आहे, आणि आठवीच्या शेवटच्या दोन धड्यांवर मी दरवर्षी पळते.

मला तुमच्या हातातला गुणांचा कागद हवा आहे. त्यावर सादरीकरण असतं, कल्पकता असते, टापटीप असते. त्यात एक ओळ वाढवा : "तुमचा अंदाज चुकीचा असता तर ते तुम्हाला कसं कळलं असतं?" गुण द्या, पाच द्या, तीन द्या. ओळ आली की आम्ही शिक्षक आपोआप तिच्यामागे धावू, आमची जात तुम्हाला माहीत आहे. पवनचक्कीवाल्यालाही विचारा, त्याच्याकडेही सांगण्यासारखं निघेल. पाती तिरपी केल्यावर जास्त फिरली की कमी, हे त्यानं नक्की पाहिलं असणार. फक्त कोणी विचारलं नाही.

आणि कबूल करते, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात मीही परीक्षक होते. सोडा आणि व्हिनेगरच्या ज्वालामुखीला पहिला नंबर दिला. तिसऱ्या रांगेत एक मुलगा पाणी उकळायला मीठ घातल्यावर जास्त वेळ लागतो की कमी, हे घड्याळ लावून पाहत होता आणि त्याची दोन उत्तरं जुळत नव्हती. मी त्याला सांगितलं, "पुढच्या वेळी नीट तयारी करून ये."

ती पऱ्हाटीवाली मुलगी आता आठवीत आहे आणि यंदा पुन्हा येणार आहे. गेल्या वर्षीच्या प्रयोगात तिला स्वतःलाच एक खोट सापडली, जी तुम्हाला दिसली नाही आणि मलाही नाही. सोडलेले दोन तास धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून होते, कडुनिंबाच्या सावलीत. म्हणजे फरक नव्हता, की होता आणि सावलीनं खाल्ला? यंदा तिनं वावराच्या मधोमध एकाआड एक असे सहा तास मागून घेतले आहेत. या वेळी वडिलांनी फारशी कुरकुर केली नाही, टॉनिकचे पैसे वाचले तर त्यांनाही हवेच आहेत. टेबलावर याही वर्षी फिरणारं काही नसेल. तिला वही मागा आणि पान 14 उघडायला सांगा. तिथं गेल्या वर्षीचा 'फरक दिसला नाही' तिनं लाल पेनानं खोडला आहे आणि खाली वावराचा नकाशा काढून कडुनिंबाची सावली पेन्सिलीनं रंगवली आहे.

आपली,
गणित-विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा